दुसरी पंगत : रोजच्या मालिका आणि रविवारचे संकलन



वसंतातल्या व्याख्यानांना इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या शेजारी रोजच्या मालिकांना पाट मांडलेला पाहून काहींच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. परंतु जी गोष्ट लक्षावधी माणसे रोज ठरल्या वेळी, जेवणाचे ताट पुढे घेऊन, वर्षानुवर्षे ऐकतात आणि पाहतात, तिला क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे विचारी माणसाला शोभत नाही. मालिका चांगल्या की वाईट, हा वाद मी येथे घालणार नाही. मला बोलायचे आहे ते तिच्या एका लहानशा अंगाविषयी. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली कथा आठवड्याच्या शेवटी एकत्र जोडून सलग ऐकवण्याची वा दाखवण्याची जी पद्धत आहे, ती का निघाली, तिने कथेचे काय झाले, आणि ती मागे पडत असताना आपण नेमके काय गमावतो, एवढाच आजचा विषय.

ह्या पद्धतीचे माहेर इंग्लंड. तेथे तिला 'ऑम्निबस' म्हणतात. शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये, भाडे देईल त्या कोणालाही बसू देणाऱ्या घोडागाडीला हे नाव मिळाले. पुढे शब्दाचे धड गळून शेपूट तेवढे उरले, आणि तेच शेपूट 'बस' ह्या नावाने आज आपल्या गावोगावच्या फाट्यावर येऊन थांबते. सर्वांसाठी गाडी, तशी सर्वांसाठी कथा. मात्र एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. हे संकलन म्हणजे गोषवारा नव्हे. गोषव्यात 'अमक्याचे तमक्याशी भांडण झाले' एवढेच सांगून भागते. संकलनात ते भांडण पुन्हा जसेच्या तसे ऐकायला मिळते. भाग तेच, पात्रे तीच, वाक्येही तीच. बदलतो तो फक्त दोन भागांमधला काळ. आणि तेवढ्या एका बदलाने केवढी उलथापालथ होते, हेच पाहण्यासारखे आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, बी.बी.सी.च्या नभोवाणीवर 'डिक बार्टन' नावाच्या गुप्तहेराची मालिका सुरू झाली. रोज संध्याकाळी पावणेसात वाजता पंधरा मिनिटे तो संकटात सापडे आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातला त्यातून सुटे. ती ऐकणाऱ्यांची संख्या दीड कोटीपर्यंत गेली होती असे सांगतात. ज्यांना रोज ऐकणे जमत नसे त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी सगळे भाग एकत्र ऐकवले जात. मालिका १९५१ साली संपली, पण तिचे दोन वारस उरले. एक म्हणजे आठवड्याच्या संकलनाची ही चाल. दुसरा म्हणजे 'द आर्चर्स'.

'द आर्चर्स'ची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. युद्ध संपले तरी इंग्लंडात शिधापत्रिका संपली नव्हती. ती १९५४ पर्यंत चालू होती. शेतीचे उत्पन्न वाढवायचे होते, शेतकऱ्याला नवे ज्ञान द्यायचे होते. आणि शेतीवरची सरळ भाषणे ऐकायला कोणाला आवडतात? १९४८ साली बर्मिंगहॅमला भरलेल्या एका सभेत एका शेतकऱ्याने सुचवले, की शेतकऱ्यांसाठीही एखादा 'डिक बार्टन' हवा. सभेत हशा पिकला; पण गॉडफ्रे बेझली ह्या निर्मात्याच्या मनात ती सूचना रुजली. १९५० च्या मे महिन्यात इंग्लंडच्या मध्य भागापुरता प्रयोग झाला, आणि १ जानेवारी १९५१ पासून ॲम्ब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातली आर्चर कुटुंबाची कथा देशभर ऐकू येऊ लागली. ती आजतागायत चालू आहे. आरंभीच्या काळात शेतकी खात्याचा सल्लाही तिला मिळत असे. त्यामुळे सासू-सुनांच्या बोलण्यात खतांची आणि गुरांच्या रोगांची माहिती बेमालूम मिसळलेली असे.

आपल्याकडेही नभोवाणी शेतकऱ्यापर्यंत नेण्याचा मोठा प्रयोग ह्याच दशकात झाला, आणि तो पुणे केंद्राने केला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली; गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. दोन्ही प्रयोगांचा हेतू एक, पण घाट निराळा. पुण्याच्या प्रयोगाने माणसे एका जागी आणली. इंग्लंडच्या प्रयोगाने कथा घराघरात नेली. आणि कथा घरात गेली की घरातल्या कामांशी तिची गाठ पडते. संकलनाची गरज तेथेच निर्माण होते.

विचार करून पाहा. संध्याकाळी पावणेसात वा सात ही वेळ कोणाची असते? कचेरीतून परतून हातपाय धुऊन बसलेल्या माणसाची. परंतु त्याच वेळी कोणी गोठ्यात धार काढत असतो, कोणी परिचारिका रात्रपाळीला निघालेली असते, कोणी आगगाडीच्या इंजिनावर असतो, आणि कोणी गृहिणी चुलीपुढे उभी असते. ह्यांची संध्याकाळ त्यांच्या मालकीची नसते. गंमत अशी, की शेतकऱ्याची कथा ऐकण्याची सवड खुद्द शेतकऱ्यालाच नसावी, असाही प्रसंग त्यात येऊ शकतो.

आपल्याकडच्या लग्नकार्यात पहिली पंगत पाहुण्यांची असते. ज्यांनी रांधले, वाढले, पाट मांडले, उष्टी काढली, ते दुसऱ्या पंगतीला बसतात. ही दुसरी पंगत नसेल तर घरचीच माणसे उपाशी राहतील. रविवारचे संकलन ही आठवड्याच्या कथेची दुसरी पंगत होय. इतरांच्या करमणुकीच्या वेळी ज्यांना काम असते, त्यांनाही पूर्ण जेवण मिळावे, नुसत्या वासावर त्यांची बोळवण होऊ नये, ही त्यामागची नीती आहे. 'सर्वांसाठी' ह्या जुन्या शब्दाचा खरा अर्थ मला येथे दिसतो. हा विचार आपल्याला परका नाही. परीक्षित राजाच्या हाती सातच दिवस उरले होते, म्हणून शुकाचार्यांनी त्याला सात दिवसांत भागवत ऐकवले. ऐकणाऱ्याच्या पदरी वेळ किती, त्या मापाने कथा बेतावी, हे तत्त्व आपल्या सप्ताहांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

'द आर्चर्स'च्या संकलनाला हळूहळू स्वतःचे व्यक्तिमत्त्वही आले. अनेक वर्षे टॉम फॉरेस्ट नावाचे पात्र, जे बॉब आर्नोल्ड हा नट वठवीत असे, आरंभी श्रोत्यांशी चार शब्द बोले. आपल्याकडचे पुराणिकबुवा 'काल आपण कोठवर आलो होतो' असे म्हणून पोथी उघडतात, त्याच थाटाचे ते बोलणे. रविवारचे शीर्षकसंगीतही निराळे असे. धून तीच, पण अकॉर्डियनवर वाजवलेली, अधिक गावरान. १९९८ पासून आठवड्याला पाचाऐवजी सहा भाग होऊ लागले, आणि सहावा भाग रविवारी संध्याकाळी आला. त्यामुळे रविवारी सकाळी मागची सगळी बाकी फेडावी आणि संध्याकाळी नव्या आठवड्याच्या कथेत इतरांच्या बरोबरीने बसावे, अशी सोय झाली. २०२४ च्या एप्रिलपासून हे संकलन सकाळी दहाऐवजी अकराला लागते. ते सुमारे सव्वा तास चालते.

आता कोणी म्हणेल, ही सोय झाली; पण कलेच्या दृष्टीने हा शिळ्या कढीला ऊत नव्हे काय? ह्या शंकेचे उत्तर द्यायचे तर रोजच्या भागाचे व्याकरण समजून घेतले पाहिजे. प्रत्येक भागाला तीन अवयव असतात. आरंभी कालची आठवण. मध्ये थोडीशी वाटचाल. आणि शेवटी एक गाठ, जी उद्यापर्यंत सुटायची नाही. दार वाजते, कोणीतरी उघडते, चेहऱ्यावर भय दिसते, आणि भाग संपतो. ह्या गाठीचे सगळे बळ मधल्या चोवीस तासांत असते. त्या तासांत घरातली माणसे तर्क करतात, शेजारणी पैजा लावतात, कचेरीत चर्चा होते. कथेचा अर्धा भाग लेखक लिहितो आणि उरलेला अर्धा हे चोवीस तास लिहितात.

संकलनात हे चोवीस तास नाहीसे होतात. दार वाजले की पुढच्याच क्षणी कोण आले ते कळते. बी.बी.सी.च्या 'ईस्टएन्डर्स' ह्या दूरचित्रवाणी मालिकेत, जी १९ फेब्रुवारी १९८५ ला सुरू झाली, प्रत्येक भागाच्या शेवटी ढोलाचे ठोके पडतात; ते ठोके पडले की घरोघरी सुस्कारे सुटतात. तिच्या संकलनात मधल्या भागांचे ठोके काढून टाकलेले असत. राहत ते फक्त शेवटचे. म्हणजे उत्कंठेच्या जागा गेल्या. मग उरले काय?

उरला तो कार्यकारणभाव. रोज ऐकणारा 'पुढे काय होणार' असे विचारतो. सलग ऐकणारा 'हे असे का झाले' असे विचारू लागतो. सोमवारी सहज बोललेला एखादा शब्द गुरुवारी कोणाच्या तरी घरात आग लावतो. रोज ऐकणाऱ्याला तो सोमवारचा शब्द आठवत नाही. सलग ऐकणाऱ्याच्या कानात तो अजून ताजा असतो. आपल्या वाङ्मयातले उदाहरण घ्यायचे तर हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' ह्या कादंबरीचे घेता येईल. ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली आणि मग पुस्तकरूपाने आली. साप्ताहिकाच्या वाचकाला यमूच्या आयुष्यातला पुढचा प्रसंग हवा होता. पुस्तकाच्या वाचकाला तिचे आयुष्य दिसले. मजकूर एकच, वाचन दोन.

ह्याच कारणाने संकलन ही मालिकेची कठोर परीक्षाही असते. रोजच्या वीस मिनिटांत जो फापटपसारा खपून जातो, तो सलग दोन तासांत उघडा पडतो. एकाच बातमीने घरातल्या सहा माणसांचे सहा चेहरे तीन-तीन वेळा दाखवले, तर मंगळवारी प्रेक्षक ते पोळी तव्यावर टाकता टाकता सहन करतो. रविवारी मात्र तो म्हणतो, 'अहो, आठवडाभरात घडले तरी काय?' ज्या मालिकेचे पाच भाग एकापुढे एक ठेवल्यावरही बसवतात, तिच्यात कथा आहे असे समजावे. ज्या मालिकेचे पाच भाग मिळून एका भागाइतकेच भरतात, तिच्यात नुसती वाट पाहणे आहे.

परंतु एकत्र पाहण्याचे मोल केवळ कलेपुरते नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'द आर्चर्स'मध्ये हेलन नावाची स्त्री आणि रॉब नावाचा तिचा पती ह्यांचे कथानक दोन-अडीच वर्षे हळूहळू वाढत गेले. रॉब सुरुवातीला हात उगारीत नाही. तो तिच्या कपड्यांवर एखादा शेरा मारतो. एक दिवस मैत्रिणीविषयी तिचे मन कलुषित करतो. दुसऱ्या दिवशी, 'तू विसरलीस, मी असे म्हणालोच नव्हतो' असे गोड आवाजात सांगतो. ह्यातला कोणताही एक प्रसंग घ्या. शेजारीपाजारी म्हणतील, 'संसारात भांड्याला भांडे लागायचेच.' रोज तेरा मिनिटे ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना रॉब प्रथम काळजीवाहू नवराच वाटला असेल, तर नवल नाही. पण तेच प्रसंग ओळीने लावा आणि बघा. शेरा, तुटलेली मैत्री, खोटी ठरवलेली आठवण, ही मण्यांची माळ नसून साखळी आहे, हे ध्यानात येते. ३ एप्रिल २०१६ च्या भागात हेलनच्या हातून रॉबवर सुरीचा वार झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कथेतल्या न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. त्या निकालासाठी रविवारी, ११ सप्टेंबरला, तासभराचा विशेष भाग झाला. दरम्यान एका श्रोत्याने पीडित स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थेसाठी निधी सुरू केला होता. त्यात श्रोत्यांनी दीड लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली.

योगायोग असा, की ह्याच काळात, २०१५ च्या डिसेंबरअखेर, इंग्लंडात एक नवा कायदा अमलात आला. घरातल्या माणसावर वारंवार वा सतत दडपण आणून त्याला ताब्यात ठेवणे हा त्याने गुन्हा ठरवला. येथे न्यायालय एखाद्या थपडेचा हिशेब करीत नाही, तर वर्तनाची साखळी पाहते. आपल्याकडचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदाही शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ हिंसेतच धरतो, आणि हिंसा झाली की नाही हे ठरवताना प्रकरणाची एकंदर परिस्थिती लक्षात घ्यावी असे सांगतो. म्हणजे कायदाही शेवटी संकलनच करतो. सुटा दिवस निरुपद्रवी दिसतो. आठवडा साक्ष देतो. घराघरांतले पुष्कळ अन्याय टिकून राहतात ते एवढ्यासाठी, की ते रोज थोडेथोडे होतात आणि त्यांची बेरीज करायला कोणाला सवड नसते. एखाद्या कथेच्या निमित्ताने माणसाला अशी बेरीज करायची सवय लागली, तर ती करमणूक वाया गेली असे कोण म्हणेल?

बेरजेचा विषय निघालाच आहे, तर एका फसव्या बेरजेविषयीही सांगितले पाहिजे. २५ डिसेंबर १९८६ ला, नाताळच्या दिवशी, 'ईस्टएन्डर्स'मध्ये डेन ह्या गुत्तेवाल्याने आपल्या पत्नीच्या हाती घटस्फोटाचे कागद ठेवले. हा भाग ३ कोटी १ लाख ५० हजार लोकांनी पाहिला, असा आकडा आजही मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. परंतु त्यात नाताळच्या रात्रीचे प्रेक्षक आणि नंतरच्या रविवारी संकलन पाहणारे प्रेक्षक ह्या दोघांची बेरीज आहे. दोन्ही वेळा पाहणारा माणूस त्यात दोनदा मोजला जाऊ शकतो. पंगतीत जेवलेली पाने मोजली म्हणजे जेवलेली माणसे मोजली असे होत नाही. तरीही त्या आकड्यातून एक गोष्ट निश्चित कळते : दुसऱ्या पंगतीला बसणारे थोडे नव्हते, त्यांना धरल्यावाचून विक्रम होत नव्हता.

आता आपल्या मराठी वाहिन्यांकडे वळू. आपल्याकडे रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी वा दुपारी पुन्हा दाखवण्याची रीत आहे. ती उपयोगाची आहे, पण तेथेही रोजची हजेरी लागतेच. रविवारी मात्र आपण निराळे काहीतरी करतो. रविवारी असतो तो 'महाएपिसोड'. लग्न, मंगळागौर, डोहाळजेवण किंवा एखाद्या कारस्थानाचा उलगडा, असा तास-दोन तासांचा अगदी नवा भाग. त्याला उत्सवाची शोभा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचे आणि संकलनाचे तत्त्व एकमेकांच्या उलट आहे. संकलन मागे राहिलेल्याला बरोबर आणते. महाएपिसोड पुढे गेलेल्याला आणखी पुढे नेतो. ज्या गृहिणीने आठवडाभर स्वयंपाकघरातून मालिका नुसती कानांनी ऐकली, भाजीच्या फोडणीच्या आवाजात निम्मी वाक्ये गमावली, तिच्यापुढे रविवारी आणखी दोन तासांचा नवा डोंगर उभा राहतो. तिच्या वाट्याची दुसरी पंगत आपण कधी नीट मांडलीच नाही.

इंग्लंडातही ही पंगत आता उठत चालली आहे. घरात ध्वनिचित्रफीत यंत्र आले तेव्हाच तिला पहिला धक्का बसला. हवा तो कार्यक्रम टिपून ठेवावा आणि सवडीने पाहावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, घरगुती उपयोगासाठी असे टिपून ठेवणे कायदेशीर ठरवले. २००७ च्या अखेरीस बी.बी.सी.ने 'आयप्लेअर' सुरू केला, आणि टिपून ठेवण्याचेही कारण उरले नाही. 'ईस्टएन्डर्स'चे साप्ताहिक संकलन २०१५ साली बंद झाले. आज कोणताही भाग कोणत्याही क्षणी हातातल्या फोनवर पाहता येतो. ही सोय संकलनापेक्षा मोठी आहे, ह्यात शंका नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला आता रविवारचीही वाट पाहावी लागत नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार नव्हे, हिशेब. पंगत उठून त्या जागी डबा आला. डब्यात अन्न तेच असते, ऊनही असते, आणि भूक लागेल तेव्हा उघडता येते. पण डबा एकट्याने खायचा असतो. दुसरी पंगत उशिरा बसे, तरी ती पंगत होती. रविवारी सकाळी एकाच घटकेला हजारो घरांत तीच कथा चालू असे, आणि सोमवारी कामावर गेल्यावर सगळेजण एकाच पानावर आलेले असत. आज प्रत्येकजण वेगळ्या पानावर आहे. 'पुढचे सांगू नका हं, माझे बघायचे राहिले आहे', हे वाक्य आपण रोज ऐकतो. कथेविषयी बोलण्याऐवजी कथेविषयी न बोलण्याची सभ्यता आपल्याला पाळावी लागते.

'द आर्चर्स'चे संकलन मात्र अजून टिकून आहे, तेही अशा काळात, की प्रत्येक भाग हवा तेव्हा ऐकण्याची सोय हाताशी आहे. ह्यावरून मला असे वाटते, की लोकांना केवळ सोय नको असते. त्यांना ठरलेली वेळही हवी असते, फक्त ती त्यांच्या कष्टाच्या वेळापत्रकात बसणारी हवी असते. कार्यक्रमांच्या वेळा ठरवणाऱ्या मंडळींनी ह्याचा विचार अवश्य करावा. मराठीत एखाद्या वाहिनीने एका चांगल्या मालिकेचे आठवड्याचे भाग, मधल्या जाहिराती आणि पुनरावृत्ती कमी करून, रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर सलग दाखवून पाहावेत. त्यात नवे चित्रण करावे लागत नाही. लागते ती थोडी कातरी आणि थोडे धैर्य. धैर्य एवढ्यासाठी, की आपण आठवडाभरात खरोखर किती कथा सांगितली, हे त्या दिवशी सर्वांना दिसेल.

आणि आपण प्रेक्षकांनीही एक करावे. मालिका असो की घरातले जगणे असो, रोजच्या तुकड्यावर निकाल देण्याची घाई करू नये. अधूनमधून आठवडा एकत्र ठेवून पाहावा.